पहिल्या शस्त्रक्रियेनंतर

हिमायतनगराहून एक भगिनी विचारतात, पहिल्या खेपेस सिझेरियन झालें; आतां नैसर्गिक प्रसूति होईल काय? एकदां शस्त्रक्रिया, कीं पुढेंही तीच, असें न्यूयॉर्कच्या डॉ. क्रेगिन यांनीं १९१६ सालीं म्हटलें. पण तेव्हां गर्भाशयावर उभा छेद घेत. हल्लीं तो बहुधा खालीं आडवा असतो, व असे १०० पैकीं ६० ते ८० प्रयत्न सफल होतात. व्रण उसवण्याचें भय सुमारें २०० त एक. मात्र तेव्हां मिनिटें मोलाचीं, आणि नांदेड कांहीं शेजारच्या आळींत नाहीं! म्हणून दिवस भरतांना, रक्ताची व शस्त्रक्रियेची अहोरात्र सोय असलेल्या रुग्णालयाजवळ राहावयास जावें, असें आम्हांस वाटतें. पोटावरील खुणेवरून आंतला छेद कळत नाहीं. तो उभा असल्यास हा प्रयत्न करूं नये. यास्तव मागील शस्त्रक्रियेचा कागद डॉक्टरांस आधीं दाखवावा. तो सासूबाईंच्या ट्रंकेंत असल्यास आजच मागून घ्यावा.