मुस्तफा विकत द्या, घेतो

हल्ली दुकानात अधूनमधून कुणीतरी येतं, खिशातून पेनड्राइव्ह काढून काउंटरवर ठेवतं आणि म्हणतं, "दादा, यात दहा हजार गेम आहेत म्हणाले होते. चालतच नाहीत." ऑनलाइन मागवलेला असतो. परवाच्यावर तर एक टीबी छापलेलं होतं, तपासला तर आत 32 जीबीची चिप. असल्या बनावट पेनड्राइव्हचं फर्मवेअरच खोटं बोलतं. कॉम्प्युटरला एक टीबी जागा सांगतं आणि खरी जागा भरली की पुढचं सगळं हवेत लिहितं. फोल्डरमध्ये नावं ओळीनं दिसतात, गेम उघडायला जावं तर काळा पडदा.

चिपचं एकवेळ सोडून देऊ. माझा खरा राग वेगळा आहे. त्या पेनड्राइव्हवर जुने गेम चालवणारी जी सिस्टीम टाकून विकली होती ती बातोसेरा, आणि बातोसेरा फुकट आहे. जगभरातली माणसं स्वतःचा वेळ घालून ती बनवतात. विकणाऱ्यानं पैसे घेतले ते दुसऱ्याच्या फुकट कष्टांचे आणि तिसऱ्याच्या चोरलेल्या गेमांचे.

असा पेनड्राइव्ह घरी बनवता येतो. बातोसेराची इमेज उतरवून घ्यायची, एचरसारख्या प्रोग्रॅमनं पेनड्राइव्हवर लिहायची, तो जुन्या लॅपटॉपला लावायचा आणि चालू करताना एफ12 किंवा एफ9 दाबत राहायचं. कंपनीगणिक बटण बदलतं. नाहीच उठला तर बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूट बंद करायचं. लॅपटॉपला निळं पोर्ट असेल तर तेच धरा, गेम भराभर उघडतात. हार्डडिस्कला ही सिस्टीम हात लावत नाही. पेनड्राइव्ह काढला की विंडोज आणि पोरीचं कॉलेजचं प्रोजेक्ट जागच्या जागी. मात्र मेनूतून शटडाउन केल्याशिवाय उपटू नका, नाहीतर सेव्ह केलेला खेळ जातो आणि मग माझ्याकडे येता.

मी पेनड्राइव्ह बनवून देतो, गेम टाकून देत नाही. गिऱ्हाईक वैतागतं, "मग उपयोग काय?" उपयोग आहे. सिस्टीमसोबत थोडे मोफत गेम येतातच. शिवाय जुन्या निन्टेन्डोसाठी आजही नवे गेम लिहिले जातात. मायक्रो मेजेस 2019 सालचा, अख्खा 40 केबीत बसवलेला, आणि त्याची फाइल रीतसर विकत मिळते. कॉन्ट्रा हवा असेल तर कोनामीनं 2019 मध्येच जुन्या कॉन्ट्रांचा संच काढला, तो घ्या. मिळतं ते विकत घ्यावं, एवढं तरी मान्य व्हायला हरकत नसावी.

अडतं ते मुस्तफापाशी. चाळिशीतला माणूस आला की हाच मागतो. एसटी स्टँडमागच्या पार्लरमध्ये नाण्यामागून नाणी टाकून आम्ही खेळलो तो हा गेम, कॅपकॉमचा, 1993 सालचा. खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, ते तिथं कुणाच्या तोंडी नव्हतं. पिवळ्या टोपीचा मुस्तफा कोण घेणार यावरून भांडणं. गेम बेतलाय मार्क शुल्ट्झ यांच्या झेनोझोइक टेल्स या कॉमिकवर, म्हणजे हक्कांचे धनी दोन. कॅपकॉमच्या जुन्या गेमांचे संच निघतात, त्यात हा नसतो. पार्लरच्या मशीनमधल्या मूळ बोर्डाचंही आयुष्य बॅटरीवर: आवाजाचा भाग उलगडायची किल्ली बॅटरीच्या जोरावर टिकते, बॅटरी मेली की बोर्ड धड चालत नाही.

बातोसेरात असतात तसे, जुन्या मशीनची नक्कल करून गेम चालवणारे प्रोग्रॅम, म्हणजे इम्युलेटर, बनवणं गुन्हा नाही, हे अमेरिकेतल्या अपील कोर्टानं सोनीविरुद्ध कनेक्टिक्स खटल्यात 2000 सालीच सांगितलं. प्रश्न गेमच्या फाइलचा आहे. आपल्या कॉपीराइट कायद्याचं कलम 52 रीतसर प्रत बाळगणाऱ्याला सॉफ्टवेअरचा बॅकअप काढू देतं. ज्याच्याकडे प्रतच नाही त्यानं काय करायचं? 2012 च्या दुरुस्तीनं सार्वजनिक ग्रंथालयांना जतनासाठी इलेक्ट्रॉनिक साठवणुकीची मुभा मिळाली, पण त्यांच्याकडे त्या कृतीची डिजिटल नसलेली प्रत आधीपासून असेल तरच. गेम तर जन्मतःच डिजिटल, तो या अटीत बसणार कसा? अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशननं 2023 मध्ये मोजलं, तर तिथं 2010 पूर्वी आलेल्या गेमांपैकी 87 टक्के बाजारात उरलेलेच नव्हते.

तेव्हा कायद्यात एवढीच फट पाडा: हक्कदार जो गेम बरीच वर्षं विकतच नाही, तो ग्रंथालयांना, संग्रहालयांना जपू द्या, तिथं बसून खेळू द्या. उद्या कॅपकॉमनं तो विकायला काढला तर फट आपोआप बुजेल, आणि पहिला पैसे मोजणारा मी असेन. दहा हजार गेमांचा पेनड्राइव्ह विकणाऱ्याला मात्र यातली कुठलीच सवलत नको. आणि तोवर माझ्याकडे येणाऱ्यांनी कृपा करून कोरा पेनड्राइव्ह आणावा, गेमांची यादी नको.