भाताला खारं पाणी आठवतं का?



पुतण्या कृषी कॉलेजात शिकतो. परवा घरी आला आणि म्हणाला, "काका, रोपालाही आठवण असते. सोसलेलं पुढच्या पिढीला सांगतं. त्याला एपिजेनेटिक्स म्हणतात." मी म्हटलं, अरे, तुझा आजा काय वेगळं सांगायचा? "खारीतलं बी खारीतच पेरावं. गोड्या शेतातलं बी खारीत टाकलंस तर रडेल."

बाहेरच्यांसाठी सांगतो. नवी मुंबई म्हणजे नुसते टॉवर नाहीत. पनवेल, उरणच्या खाडीकाठाला बांध घालून, उघाड्या बसवून आमच्या लोकांनी भाताची खार केली. बरीच जमीन सिडकोत गेली. माझी सव्वा एकर उरलीय. उन्हाळ्यात तिथे मीठ पांढरं फुटतं, मृगाच्या पावसाने धुऊन खाली जातं, मग रहू टाकायचा. पाऊस नीट लागला तर सगळं ठीक.

पण आता पाऊस नीट लागतोच कुठे? चार वर्षांपूर्वी सुरुवातीला धो धो पडला आणि मग वीसेक दिवस गायब. मीठ परत वर आलं. अर्ध्या शेतात दुकानातलं बी होतं, अर्ध्यात घरचा काळा रता. दुकानातल्या रोपांचे शेंडे करपले, बघता बघता सगळा तुकडा गेला. रता पिवळा पडला, थांबला, पाऊस आल्यावर उठला. (रत्याचं कौतुक करतोय, पण तो उंच वाढून लोळतो, तांदूळ लालसर, व्यापारी भाव देत नाही. तेही खरंच आहे.)

मग ही आठवण का?

पुतण्याने चीनमधलं संशोधन दाखवलं. २०२५ साली 'सेल' नावाच्या जर्नलमध्ये आलंय. भात पोटरीत असताना त्याला थंडी दिली, तीन पिढ्या. जे तगलं त्याचंच बी पुढे घेतलं. थंडी सोसायची ताकद आली आणि पुढे थंडी न देताही पाच पिढ्या टिकली. जनुकाची अक्षरं तीच होती. फक्त एका जनुकाच्या सुरुवातीला मिथाइल नावाच्या रसायनाची बारीक खूण असते, ती निघाली होती. मला समजलं ते असं: पोथी तीच, पण एका पानावर चिकटपट्टी होती, ती निघाली आणि पान वाचता येऊ लागलं.

वाचून आनंद झाला. पण म्हणून माझा रताही असाच शिकला असं म्हणायला मी तयार नाही. आजकाल खारवट पाणी देऊन "तयार केलेलं" बी म्हणून कोणी विकायला आला तर आधी पुरावा मागा. मिठाचं बरंचसं काम पोथीच्या अक्षरांतच आहे. बंगालच्या नोना बोक्रा भातात मीठ पानात चढू न देणारं जनुक २००५ मध्ये सापडलं. केरळच्या पोक्कालीतही असाच भाग सापडलाय. तिथे खूण नाही, अक्षरंच वेगळी. आणि ती टिकवली कोणी? वडील खारीच्या सगळ्यात वाईट कोपऱ्यात जी लोंबी भरायची तीच बियाण्याला काढायचे. बाकीचं घरात खायला. पिढ्यानपिढ्या चाळण लावली तर बी शिकल्यासारखं दिसणारच.

चाळण किती आणि आठवण किती, हे आम्हाला घरी कळणार नाही. पण पनवेलला खारभूमी संशोधन केंद्र आहे. तिथूनच पनवेल १, २, ३ हे वाण आले, पनवेल १ मध्ये तर आपल्या भुऱ्या रत्याचंच रक्त आहे. तिथल्या साहेबांना माझं सांगणं: रत्याचं एकच बी घ्या, अर्धं तीन वर्षं खारीत लावा, अर्धं गोड्या शेतात. निवड करायची नाही, प्रत्येक रोपाचं सारखं बी घ्यायचं. मग एक हंगाम दोन्ही एकाच गोड्या शेतात, म्हणजे आईच्या दाण्याच्या वजनाचा फरक जाईल. आणि मग दोन्ही शेजारी शेजारी खारीत. तरीही खारीतल्याची पोरं जास्त तगली, तर आठवण मानायची. नाही तगली तर मी गप्प बसेन.

मात्र हे लवकर करायला हवं. बियाणं शीतगृहातल्या बरणीत राहतं, हे चांगलंच आहे, पण बरणीत त्याला मीठ लागत नाही. ना चाळण चालते ना आठवण. ती फक्त खारीत चालते, आणि खार संपत चाललीय. उधाणाला बांधाला खांड गेली आणि ती वेळेत बुजली नाही की दोन-तीन वर्षांत शेतात कांदळ उगवतं, मग त्याला हातही लावता येत नाही. कांदळाशी माझं वैर नाही, मासे त्यावरच आहेत. पण माझ्या शेजारच्या तिघांचं बी असंच संपलं. त्यांनी शेत सोडलं, बी खाऊन टाकलं, आता मागायला गेलो तर कोणाकडे नाही.

माझ्याकडे काळ्या रत्याचं चारेक किलो बी राखून ठेवलंय. ज्याची खार अजून चालू आहे त्याने मेसेज करावा, रोहिणीच्या आधी ओंजळभर देईन. पैसे नकोत. कापणीनंतर दोन ओंजळी परत द्यायच्या, आणि शेतातला कुठला कोपरा होता तेवढं लिहून ठेवायचं. भुरा रता कोणाकडे असेल तर तोही कळवा, आमच्याकडचा संपला.