हातोडा आपल्याच हाती

अकोला जिल्ह्यातील एका खेड्यातले जुने प्रभुमंदिर पाडले गेले, तेव्हा मी तेथे उभा होतो. काळ्या दगडाचे जोते, चुन्यात बांधलेल्या हातभर जाडीच्या भिंती, सागवानी कैच्यांवर कौलांचे उतरते छप्पर आणि दर्शनी बाजूस एकच घंटा मावेल एवढा मनोरा. एवढाच त्याचा थाट. इमारत मोडकळीस आली आहे, केव्हा कोसळेल सांगता येत नाही, असे आम्हांला सांगण्यात आले होते. त्या ‘मोडकळीस आलेल्या’ भिंती पाडायला यंत्राला पुरे दोन दिवस लागले. सागवान कोणी नेले, किती रुपयांना नेले, जुन्या वेदीचे नक्षीकाम कोठे गेले, याची नोंद कोणत्याही वहीत नाही.

हे कोणा धर्मद्वेष्ट्याने केले असते, तर आपण मोर्चा काढला असता, निषेधाची पत्रके वाटली असती. पण येथे वर्गणी आपली, ठराव आपला आणि पेढेही आपणच वाटले! वऱ्हाडातील लहान लहान प्रभुमंदिरांना आज खरा धोका आहे तो आपल्याच उत्साहाचा.

यावर काही सुबुद्ध मंडळी सरकारकडे बोट दाखवतात. गाविलगड आणि नरनाळा यांना पुरातत्त्वाचे संरक्षण आहे, मग आमच्या मंदिरांना का नाही, असा त्यांचा प्रश्न. परंतु १९५८ च्या केंद्रीय कायद्यानुसार वास्तू किमान शंभर वर्षांची असावी लागते आणि २०१० च्या दुरुस्तीनंतर संरक्षित वास्तूभोवती शंभर मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई आहे. शेजारी शाळा, वसतिगृह, धर्मभगिनींचा दवाखाना असलेल्या आपल्या आवारांना हे झेपेल काय? मला तसे वाटत नाही. शिवाय त्याची गरजही नाही. ख्रिस्तसभेचा स्वतःचा कायदा याबाबतीत पुरेसा कडक आहे. आपण तो वाचत नाही, एवढेच.

१९८३ च्या धर्मसंहितेतील कलम १२१६ सांगते की, मंदिर बांधताना आणि दुरुस्त करतानाही तज्ज्ञांचा सल्ला घेतला पाहिजे. कंत्राटदाराचा मेहुणा म्हणजे तज्ज्ञ नव्हे! पुरातन, कलापूर्ण किंवा भाविकांच्या विशेष श्रद्धेच्या प्रतिमेची दुरुस्ती महागुरुस्वामींच्या लेखी परवानगीवाचून करू नये, असे कलम ११८९ म्हणते. आणि कलम १२८३ नुसार धर्मग्रामाची स्थावर मालमत्ता, मौल्यवान व सांस्कृतिक महत्त्वाच्या वस्तू यांची वर्णनासह आणि मूल्यांकनासह यादी करावी लागते. तिची एक प्रत धर्मग्रामात आणि दुसरी धर्मप्रांताच्या कार्यालयात राहावी लागते. आपल्या धर्मग्रामाची अशी यादी वाचकांपैकी किती जणांनी पाहिली आहे?

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेच्या नावाने जुन्या वेद्या फोडणाऱ्यांविषयीही बोलले पाहिजे. १९६३ च्या उपासनाविषयक संविधानाने प्रत्येक युगातील कलेचा ठेवा काळजीपूर्वक जतन करावा, असे स्पष्ट सांगितले आहे. तरीही उपासनेच्या सुधारणेची सबब पुढे करून अनमोल वस्तू नष्ट होत आहेत, अशी तक्रार रोमला १९७१ सालीच एका परिपत्रकातून करावी लागली. ही वास्तू ‘परकीय’ आहे, तिला कसला वारसा, असे म्हणणाऱ्यांनीही हेच संविधान उघडावे. ख्रिस्तसभेने कोणतीही एक शैली आपली म्हणून मानलेली नाही, असे तेथे लिहिले आहे. सव्हॉयमधील ॲनसीहून आलेल्या सेंट फ्रान्सिस द सेल्स संस्थेच्या मिशनऱ्यांनी टोकदार कमानी आठवणीने आणल्या असतील. दगड, चुना आणि घाम मात्र याच मातीचा होता. १९५५ साली अमरावती धर्मप्रांत स्थापन झाला, त्यापूर्वी हा मुलूख नागपूरच्या अखत्यारीत होता. त्या काळाचा कागदी इतिहास आपल्यापाशी फार थोडा आहे. भिंती तेवढ्या बोलत होत्या.

‘पण भेगा पडल्या होत्या ना?’ होय, पडल्या होत्या. वऱ्हाडची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. पाया मुरमापर्यंत गेलेला नसेल, तर भेग ही पडणारच. तिचा पहिला उपाय म्हणजे पाणी जोत्यापासून दूर नेणे. आपण केले नेमके उलट. आवारात फरशा घालून पातळी वाढवली आणि पावसाचे पाणी जोत्याकडे वळवले. मग ओल आली म्हणून चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवला. चुना श्वास घेतो, ओल बाहेर टाकतो. सिमेंट ती आत कोंडून ठेवते. चार पावसाळ्यांत लोणा लागतो, गिलावा पोपडे धरून सुटतो आणि मग दोष येतो तो म्हाताऱ्या भिंतीच्या माथी! अकोल्यात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. उंच कौलारू छपराखाली मिस्साबलिदान सुसह्य होत असे. आता ठेंगण्या स्लॅबखाली पंखे गरम हवा ढवळतात आणि आजीबाई उपदेशाच्या आधीच बाहेर सावलीत येऊन बसतात.

लोकसंख्या वाढली, जागा अपुरी पडते, ही अडचण मात्र खरी आहे आणि तिची थट्टा करणे बरे नव्हे. परंतु मोठे मंदिर शेजारी बांधता येते. जुने आराधनेसाठी, धर्मशिक्षणाच्या वर्गासाठी राखता येते. खर्चाचे म्हणाल, तर चुन्याची डागडुजी नव्या बांधकामाइतकी महाग क्वचितच असते. मुंबईत भायखळ्याच्या अवर लेडी ऑफ ग्लोरी चर्चच्या जतनकार्याला २०१९ साली युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक पुरस्कार मिळाला. ते संग्रहालय नव्हे, नांदते धर्मग्राम आहे. मुंबईची ऐपत आपली नाही, हे मान्य. पण छपरावरचे फुटके कौल बदलायला आणि पन्हळीतला पाला काढायला युनेस्को लागत नाही.

माझी मागणी लहान आहे. कोणत्याही दुरुस्तीचा अथवा पाडकामाचा ठराव येण्यापूर्वी धर्मग्राम परिषदेसमोर तीन कागद असावेत: कलम १२८३ ची यादी, जुन्या इमारती हाताळलेल्या वास्तुतज्ज्ञाचा लेखी अभिप्राय आणि सर्व बाजूंची छायाचित्रे. ते नसतील, तर विषय तहकूब करावा. मागणाऱ्याला फादरांचा विरोधक ठरवले जाईल, ठरवू द्यावे.

आमच्या गावी हे कागद कोणीच मागितले नाहीत. त्या सभेला मीही हजर होतो आणि हात वर करणाऱ्यांत माझा हात होता.