भंगारात देण्याआधी

शाळेत जडसंग्रह नोंदवही असते. तिच्यात बाकडी, कपाटे, पृथ्वीगोल यांच्या रांगेत आता संगणकही असतात आणि काही वर्षांनी ‘निकामी’ असा शेरा पडून ते किलोच्या भावाने भंगारात जातात. संख्या, किंमत, खरेदीची तारीख, सगळे रकाने आहेत. पण यंत्र कोणी, कुठे, कसे बनवले हा रकाना नाही. जुने संगणक जमवून दुरुस्त करणारे हौशी लोक मात्र नेमका तोच शोधत असतात.

मुंबईचेच उदाहरण घ्या. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली काही तरुणांनी परदेशी यंत्र विकत आणण्याऐवजी स्वतःच संगणक बांधायला घेतला. आधी छोटा नमुना केला, मग मोठे यंत्र. ते 1960 मध्ये चालू झाले आणि 1962 मध्ये पंडित नेहरूंनी त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव दिले. जुन्या रेडिओत असत तसले 2,700 व्हॉल्व्ह, 1,700 डायोड आणि 12,500 रेझिस्टर त्यात होते.

त्याची मेमरी समजायला कबनूरकरांना फारसे कष्ट पडू नयेत. चुंबकीय पदार्थाची बारीक कडी आणि तिच्यातून उभ्या-आडव्या ओवलेल्या तारा. थोडक्यात ताणा आणि बाणाच! एका कडीत एकच खूण राही, ‘हो’ किंवा ‘नाही’. टिफ्रॅकच्या मेमरीत 2,048 शब्द मावत आणि प्रत्येक शब्द 40 खुणांचा, म्हणजे जवळजवळ 82 हजार कड्या. अशा जाळ्या त्या काळी जगभर बहुतांशी हाताने, भिंगाखाली ओवल्या जात आणि हे काम बहुधा स्त्रियाच करत. ओढणीवर मणी टाकणाऱ्या आमच्या भगिनींना यात नवल वाटणार नाही. आमच्या मागावरच्या जुन्या डॉबीची पट्टीही हेच करते. खुंटी असली तर चौकट उचलते, नसली तर नाही.

1964 मध्ये त्या संस्थेत परदेशी, कितीतरी वेगवान सीडीसी 3600 आला आणि टिफ्रॅकचे दिवस भरले.

शाळांचाही असाच एक संगणक होता. 1984 मध्ये केंद्र सरकारने ‘क्लास’ प्रकल्पातून निवडक शाळांना ‘बीबीसी मायक्रो’ दिले. इंग्लंडच्या एकॉर्न कंपनीचे हे यंत्र. त्याची मेमरी 32 केबी, म्हणजे मोबाइलवरचा एक साधा फोटोही मावणार नाही. पण याच कंपनीच्या अभियंत्यांनी पुढे 1985 मध्ये ‘आर्म’ चिप तयार केली आणि तुमच्या-आमच्या खिशातले मोबाइल आज तिच्याच वंशातल्या चिपवर चालतात. एखाद्या जुन्या शाळेच्या माळ्यावर असा मायक्रो धूळ खात असेल, तर तो भंगार आहे असे आम्ही तरी म्हणणार नाही.

सापडलाच तर लगेच प्लग लावू नका. या यंत्रांच्या पॉवर सप्लायमधले जुने कपॅसिटर तडकतात आणि वीज मिळताच धूर सोडतात. ते आधी बदलावे लागतात. इतर जुन्या संगणकांत बोर्डावर बॅटरी असते. ती पाझरली की तांब्याच्या रेषा खाऊन टाकते, म्हणून चालू करायचा नसला तरी ती आधी काढावी. मागचे लेबल पुसून टाकू नये, त्याचा फोटो घ्यावा.

आणि दुरुस्तीला माणूस कुठला, असे विचारू नका. चाळीस वर्षांचे माग सुट्या भागांवर चालते ठेवणारे मिस्त्री ज्या गावात गल्लोगल्ली आहेत, तिथे हा प्रश्न शोभत नाही. आमच्या शेजारचे एक मिस्त्रीचाचा सोल्डरची कांडी अशी धरतात की विज्ञानाच्या सरांनी बघत राहावे. यंदा निर्लेखनाची यादी निघेल तेव्हा एक संच बाजूला ठेवायची लेखी परवानगी मुख्याध्यापकांकडे मागायची, असे आम्ही ठरवले आहे. नववीच्या मुलांना झाकण उघडून द्यायचे आणि चाचांना शेजारी बसवायचे.