हँडल कुणाच्या हातात?

२०२५ च्या मार्चमध्ये, महिला दिनाचे कार्यक्रम नुकतेच आटोपले होते, तेव्हा अहेरीत मोटारसायकलींचा एक ताफा आला. नऊ गाड्या आणि नऊही चालवणाऱ्या बाया, पुण्या-मुंबईकडच्या. शहरातल्या एका आयोजकाने 'फक्त महिलांसाठी' म्हणून ही सहल काढली होती. मार्ग ठरलेला : अहेरी, आलापल्ली, पेरमिली, ताडगाव, हेमलकसा, भामरागड आणि तिथून लाहेरीकडे, डोंगराच्या पायथ्यापर्यंत. वाट दाखवायला इथलाच एक तरुण होता. गावातल्या बायांशी माडियात बोलणं करून देणारी कुणीतरी हवी होती, म्हणून मला विचारलं. मी गेली वीस वर्षं या भागात बायांचे गट बांधते. मी हो म्हटलं आणि वाटाड्याच्या मागच्या सीटवर बसले. खरं सांगते, मला आनंदच झाला होता.

मैत्रिणींनो, पुढचं वाचून तुमच्यापैकी काही जणींना राग येईल. बाई मोटारसायकल चालवते त्यात खोट काढणारी ही कोण, असं वाटेल. तेव्हा आधीच सांगते. बाईने गाडी चालवावी, एकटीने चालवावी, रात्री चालवावी. १९७३ साली आन-फ्रान्स दोतव्हील ही फ्रेंच बाई मोटारसायकलवर एकटी जगप्रवासाला निघाली. २०११ साली पुण्यात 'बायकर्णी' हा बायांचा मोटारसायकल गट उभा राहिला. मुलगी सायकल शिकली तर लग्नाला अडचण येईल, असं ऐकत वाढलेल्या माझ्यासारखीला याचं मोल सांगावं लागत नाही. माझं भांडण बाईच्या हातातल्या हँडलशी नाही. ते हँडल हातात आल्यावर आपल्याला रस्त्याच्या कडेची बाई का दिसेनाशी होते, एवढंच मला विचारायचं आहे.

आलापल्लीच्या पुढे जंगलात पहिला थांबा झाला. मोहाचे दिवस होते. बाया पहाटेपासून झाडाखाली वाकून फुलं वेचत होत्या. ताफा थांबला, फोटो निघाले. "किती छान, किती नैसर्गिक जगणं," असं एकजण म्हणाली. वेचणाऱ्यांतली एक म्हातारी माझ्याकडे आली. तिची टोपली भरली होती आणि घर दीड कोसावर होतं. तिने विचारलं, "यांच्या गाडीवर माझी टोपली जाईल का?" मी मराठीत सांगितलं. सगळ्या जणी कळवळल्या. पण मागच्या सीटवर बॅगा बांधलेल्या होत्या, आणि वाटाड्या म्हणाला, उशीर होतोय. म्हातारीने टोपली डोक्यावर घेतली आणि चालू लागली. तिच्या टोपलीचा फोटो मात्र नऊ जणींकडे आहे.

रात्री मुक्काम एका गावात होता. गाव मुद्दाम सांगत नाही. जेवण गावच्या बायांनी रांधलं, पाणी बायांनी भरलं. मुलींना रेला नाचायला बोलावलं. दिवसभर राबलेल्या त्या पोरी दीड तास नाचल्या. पैसे गेले गावातल्या दोन पुरुषांच्या हातात, कारण आयोजकाचं बोलणं त्यांच्याशीच झालं होतं. रांधणाऱ्यांना काय मिळालं ते मी सकाळी विचारलं. उरलेला भात मिळाला होता. सहलीला प्रत्येकीने ४५ हजार रुपये भरले होते. 'फक्त महिलांसाठी'मधल्या महिला कोणत्या, हा प्रश्न मला त्या सकाळी पडला.

जेवणानंतर गोटुलबद्दल प्रश्न सुरू झाले. तिथे मुलं-मुली काय करतात, खरंच 'सगळं' चालतं का, असे. व्हेरिअर एल्विनचं घोटुलवरचं पुस्तक १९४७ साली आलं. तेव्हापासून बाहेरून येणाऱ्यांना आदिवासी पोरीविषयी एवढाच एक प्रश्न सुचतो. मला वाटलं होतं, बाया तरी वेगळं काही विचारतील. मी त्या प्रश्नाचं भाषांतर केलं नाही. "हे मी विचारणार नाही," असं सरळ सांगितलं.

मग दारू. "मोहाची ओरिजिनल मिळेल का?" गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. ती कुणी वरून बक्षीस दिलेली नाही. तिच्यामागे गावोगावच्या लोकांचं आंदोलन होतं आणि त्यात बाया मोठ्या संख्येने होत्या. नवऱ्याचा मार खाल्लेल्या बायांनी गावात दारू पकडली, मडकी फोडली. बंदी पूर्ण पाळली जाते असं मी म्हणणार नाही, रोजचं भांडण आहे. पण त्या भांडणात बाहेरची बाई गिऱ्हाईक म्हणून उतरली, तर आम्ही दारू विकणाऱ्याला कोणत्या तोंडाने अडवायचं?

दुसऱ्या दिवशी गावाच्या कडेला कुर्माघर दिसलं. पाळीच्या दिवसांत बाईने जिथे राहायचं ती झोपडी. आत एक पोरगी बसली होती. दोघींनी कॅमेरे काढले. मी आडवी झाले. त्या म्हणाल्या, "ताई, ही प्रथा जगासमोर यायला नको का?" यायला हवी. कुर्माघरात साप चावतो, पावसात पाणी शिरतं, हे आम्ही तिथल्या बायांबरोबर बसूनच बोलतो. काही गावांत प्रथा सुटते आहे, काहींत निदान घर पक्कं व्हावं अशी बायांचीच मागणी आहे. पण त्या पोरीला विचारल्याशिवाय तिचा फोटो काढणं ही जागृती नव्हे. पाळीत बसलेल्या तुमच्या बहिणीचा फोटो कुणी अनोळखी माणसाने काढला, तर तुम्ही पोलिसात जाल.

आता याच रस्त्यावरचा दुसरा मोटारसायकल प्रवास सांगते. त्याची जाहिरात कुठे लागत नाही.

काही वर्षांपूर्वीचा ऑगस्ट. पहाटे एका गावातून निरोप आला, बाई अडली आहे. गाडी येईल असा रस्ता नव्हता. पहिले दोन कोस तिला खाटेवर घातलं, खाटेला दोऱ्या बांधल्या आणि चार माणसांनी खांद्यावर आणलं. नाल्यापलीकडे तिच्या दिराची मोटारसायकल होती. पुढे दीर, मध्ये ती, मागे तिला दोन्ही हातांनी धरून मी. प्रत्येक खड्ड्याला तिचं डोकं माझ्या खांद्यावर आपटत होतं. ती ओरडतही नव्हती. दवाखान्यात पोचलो तेव्हा दुपार झाली होती. ती वाचली. बाळ राहिलं नाही.

त्या दिवशी वाटाड्या नव्हता, हेल्मेट नव्हतं, मागून दुरुस्तीची गाडी येत नव्हती. शहरातल्या नऊ जणींनी त्याच डोंगराकडे जाण्याला 'साहस' म्हटलं. इथल्या बाईच्या वाट्याला ते गरोदरपणात येतं, आणि साहस म्हणून त्याची कुणी नोंद घेत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये अहेरी तालुक्यातल्या आईबापांनी आपल्या दोन मुलांचे मृतदेह खांद्यावर घेऊन चिखलातून नेले, ते दृश्य सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. चार दिवस हळहळ झाली. मग आपण पुढच्या बातमीकडे वळलो.

कुणी म्हणेल, आता दिवस बदलले. बदलले, हे खरं. बंदुकीची भीती कमी झाली, म्हणून तर सहली येऊ लागल्या. १ जानेवारी २०२५ ला अहेरीहून गर्देवाड्याला एसटी सुरू झाली, स्वातंत्र्यानंतर सत्त्याहत्तर वर्षांनी. आम्ही टाळ्या वाजवल्या. मार्च २०२३ पासून एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे, तेही चांगलंच आहे. पण ज्या गावात एसटीच येत नाही, तिथल्या बाईने कशाचं अर्धं तिकीट काढायचं? सुरजागडचं लोहखनिज नेणाऱ्या ट्रकांना रस्ता मिळतो. पोलिसांना मिळतो. आता पर्यटकांनाही मिळेल. बाळंतिणीचा नंबर या रांगेत कितवा, ते कुणी सांगत नाही.

आणि जिथे मोटारसायकल पोचते, तिथे ती पुरुषाची असते. इथे घरोघर गाडी येते आहे. धान विकून येते, तेंदूपत्त्याच्या पैशातून येते. ते पान बाईने तोडलेलं असतं, पुडे बाईने बांधलेले असतात. गाडीची चावी मात्र नवऱ्याच्या नाहीतर भावाच्या खिशात. बाजार, दवाखाना, बँक, रेशन, सगळीकडे तिला 'कुणी नेलं तर' जायचं असतं. दवाखान्यात जायचं की नाही, हे दुखणं ठरवत नाही, चावी ठरवते. १९८९ साली डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी याच जिल्ह्यातल्या दोन गावांचा अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये मांडला. तपासलेल्या बायांपैकी ९२ टक्के जणींना स्त्रीरोग होते, आणि उपचारापर्यंत पोचलेल्या फारच थोड्या होत्या. पोचण्याचा प्रश्न आजही त्याच खिशात अडकलेला आहे.

मग करायचं काय? सहली बंद पाडा असं मी म्हणत नाही. जंगलातून चार पैसे येणार असतील तर ते यावेत. पण कोणत्या अटींवर, हे गावाने ठरवावं आणि त्यात बायांनी बोलावं. १९९६ चा पेसा कायदा ग्रामसभेला अधिकार देतो. मेंढा-लेखाने २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवला तो याच जिल्ह्यात. मग मुक्कामाचा दर, नाचायचं की नाही, फोटो काढू द्यायचा की नाही, हे दोन पुरुष आणि एक आयोजक का ठरवतात? बायांच्या सभेची परवानगी आधी, ताफा नंतर. रांधणारीचे पैसे रांधणारीच्या हातात.

दुसरी गोष्ट, वाटाड्या बाई का नसावी? हे जंगल तिला जास्त माहीत आहे. कंद कुठे, झरा कुठे, अस्वलाची वाट कोणती, हे ती सांगते. तिला फक्त गाडी चालवायला येत नाही, आणि ते शिकवता येतं. तामिळनाडूत पुदुक्कोट्टई जिल्ह्यात नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरतेच्या मोहिमेबरोबर हजारो गरीब बाया सायकल शिकल्या. लोक हसले, टोमणे मारले, तरी त्या शिकल्या. तसं शिबिर अहेरीत, एटापल्लीत, भामरागडात का होऊ नये? आशाताई आणि नर्सबाईंना गाडी द्या, पेट्रोलचा खर्च द्या. शिकाऊ परवान्याची शिबिरं बायांसाठी तालुक्याला नेमाने भरवा. मुंबईच्या गल्ल्यांसाठी २०१७ साली मोटारसायकल रुग्णवाहिका आल्या. पलीकडे छत्तीसगडच्या नारायणपूर जिल्ह्यात गरोदर बायांना आणायला बाजूला पाळणा जोडलेल्या मोटारसायकली वापरल्या गेल्या. आमच्या डोंगरातल्या प्रत्येक आरोग्य केंद्राला तशी गाडी हवी, आणि ती चालवणाऱ्यांत बाया हव्यात.

शेवटच्या दिवसाची एक गोष्ट सांगून थांबते. लाहेरीकडच्या एका गावात शाळेच्या पटांगणावर ताफा थांबला होता. तिथली आशाताई गाड्यांभोवती फिरत होती. सहलीतल्या एका मुलीच्या ते लक्षात आलं. तिने गाडीवरची बॅग सोडून खाली ठेवली, आशाताईला पुढे बसवलं, क्लच कसा सोडायचा ते माझ्याकडून माडियात सांगवलं आणि स्वतः बाजूने धावत राहिली. गाडी दोनदा बंद पडली. तिसऱ्या खेपेला आशाताईने पटांगणाला दोन फेऱ्या मारल्या. पोरं ओरडत मागे पळत होती. वाटाड्या घड्याळ दाखवत होता. त्या मुलीने त्याला हाताने थांबवलं.

उतरल्यावर आशाताईने मला विचारलं, "लायसन कुठे मिळतं?" मी म्हटलं, गडचिरोलीला. भामरागडपासून दीडशे किलोमीटरच्या वर. ती म्हणाली, "तिथे मला कोण नेणार?"

सहलीला निघण्याआधी आपण सगळ्याजणींनी मिळून याचं उत्तर द्यायचं आहे.