‘इंटेग्रिटी’ कोणाची : राष्ट्राची की राज्याच्या नकाशाची?

सीमाप्रश्नावरील वादात एक क्षण हमखास येतो. भाषा, भौगोलिक सलगता, लोकेच्छा या मुद्द्यांवर उत्तर उरले नाही की प्रतिपक्ष ‘इंटेग्रिटी’ हा शब्द बाहेर काढतो. सीमाभागाची मागणी देशाच्या इंटेग्रिटीला बाधक आहे, असा आरोप होतो आणि आपला कार्यकर्ता मुद्दा सोडून स्वतःच्या देशभक्तीची ग्वाही देऊ लागतो. इथेच आपण हरतो. आरोपाला उत्तर देण्यापूर्वी आरोपातला शब्द तपासावा, ही वकिलीतली पहिली शिकवण आहे.

हा शब्द लॅटिन ‘इंटेजर’पासून आला. ज्याला हात लागलेला नाही, जे मोडलेले नाही, ते इंटेजर. आपल्या लग्नकार्यातल्या अक्षता, म्हणजे न तुटलेले तांदूळ, ही याच कल्पनेची सख्खी बहीण. गणितात इंटेजर म्हणजे पूर्णांक. पुढे इंग्रजीत या मुळापासून निदान तीन अर्थ रुळले. भूप्रदेशाच्या संदर्भात अखंडता, अनेक घटकांच्या संदर्भात एकजीवपण आणि माणसाच्या संदर्भात सचोटी. सरकारी नोकराच्या गोपनीय अहवालात ‘सचोटी’चा जो रकाना असतो, त्याचे इंग्रजी नावही इंटेग्रिटीच.

आता संविधानाकडे वळू. १९५० च्या उद्देशिकेत हा शब्द नव्हता. तेथे केवळ राष्ट्राची एकता होती. तो संविधानात ठळकपणे आला १९६३ च्या सोळाव्या घटनादुरुस्तीने. द्रविडनाडूच्या मागणीच्या पार्श्वभूमीवर अनुच्छेद १९ मध्ये आणि लोकप्रतिनिधींच्या शपथेत ‘भारताची सार्वभौमता आणि इंटेग्रिटी’ हे शब्द घातले गेले. उद्देशिकेत तो शिरला १९७६ साली, आणीबाणीतील बेचाळिसाव्या दुरुस्तीने. गंमत अशी की इंदूर-ग्वाल्हेरचे आपले वाचक हिंदी उद्देशिकेत ‘अखंडता’ वाचतात, तर मराठी उद्देशिकेत त्याच जागी ‘एकात्मता’ आहे. अखंडता जमिनीकडे पाहते, एकात्मता माणसांकडे. १९६३ चा रोख देशातून फुटून निघण्याच्या मागणीवर होता, हे निर्विवाद. त्यामुळे ‘अखंडता’ हा अर्थ चुकीचा म्हणता येणार नाही. पण कोणताही अर्थ घ्या, त्यामागची षष्ठी विभक्ती बदलत नाही. अखंडता भारताची, एकात्मता राष्ट्राची. कोणत्याही घटकराज्याची नव्हे.

ही केवळ व्याकरणाची कसरत नाही. अनुच्छेद ३ संसदेला नवे राज्य निर्माण करण्याचा, राज्याचे क्षेत्र वाढवण्याचा वा घटवण्याचा आणि त्याच्या सीमा बदलण्याचा अधिकार देतो. त्यासाठी संबंधित विधानमंडळाचे मत मागवावे लागते. मात्र ते संसदेवर बंधनकारक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५९ साली बाबुलाल पराते खटल्यात स्पष्ट केले. अनुच्छेद ४ तर सांगतो की असा कायदा घटनादुरुस्ती मानला जाणार नाही. म्हणजे साध्या बहुमताने जे करता येते, ते मागणे राष्ट्रद्रोह कसा ठरेल?

इतिहासही हेच सांगतो. १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्याने बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात घातला, पण त्यातला चंदगड तालुका वगळून. तेव्हा जिल्ह्याची अखंडता कोणाला आठवली नाही. १९६० साली द्विभाषिक मुंबई राज्य विभागले गेले, २००० साली मध्य प्रदेशातून छत्तीसगड आणि २०१४ साली आंध्र प्रदेशातून तेलंगण निघाले. भारताच्या सरहद्दीचा दगड तसूभरही हलला नाही. गोव्यात १९६७ साली विलीनीकरणाचा कौल घेतला गेला, तोही संसदेच्या कायद्याने. विलीनीकरणवादी हरले, पण त्यांनी विचारलेला प्रश्न बेकायदा होता, असे कोणी म्हटले नाही.

एक कटू गोष्ट आपल्यालाही सांगितली पाहिजे. वेगळ्या विदर्भाची मागणी झाली की आपल्यापैकीच काहीजण ‘अखंड महाराष्ट्रा’ची शपथ घालतात आणि मागणी करणाऱ्यांना द्रोही ठरवतात. विदर्भ वेगळा व्हावा की नाही, हा स्वतंत्र प्रश्न आहे. मीही त्या मागणीचा समर्थक नाही. पण अनुच्छेद ३ बेळगावसाठी खरा आणि नागपूरसाठी खोटा असू शकत नाही. आपला युक्तिवाद दोन ठिकाणी दोन तोंडांनी बोलू लागला, तर प्रतिपक्षाला वेगळा वकील लावण्याची गरज उरणार नाही.

इथे त्या शब्दाचा तिसरा अर्थ कामाला येतो : सचोटी. बोलणे आणि वागणे यांत फट नसणे. ही कसोटी आपल्याला लागते, तशी राज्यसंस्थेलाही लागते. अनुच्छेद ३५० प्रत्येकाला संघराज्यात वा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क देतो. अनुच्छेद ३५० क भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे, याचा भार राज्यावर टाकतो. कचेरीत मराठी अर्ज घेऊन उभा राहिलेला शेतकरी भाषेच्या कारणावरून परत पाठवला जातो, तेव्हा देशाच्या नकाशावर ओरखडाही उठत नाही. अखंडता शाबूत असते. तडा जातो तो एकात्मतेला. आणि तो तडा अर्ज लिहिणाऱ्याने पाडलेला नसतो.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी ‘इंटेग्रिटी’चे नाव काढले, तर ग्वाही देऊ नका. शांतपणे एवढेच विचारा : कोणाची, आणि तिन्हींपैकी कोणत्या अर्थाने? उत्तर देण्याची पाळी मग त्यांची असेल.