जंक्शनची रीत, टर्मिनसची माया

फलाटावरून / पाव्हणा

कोल्हापूरच्या माणसाला पत्ता विचारू नये, असं माझं मत झालंय. तो पत्ता सांगायच्या भानगडीत पडत नाही, थेट नेऊन सोडतो. मागच्या महिन्यात स्टेशनाबाहेर एका दुचाकीवाल्या पोराला भवानी मंडपाची वाट विचारली. "बसा की काका मागं, तिकडंच चाललोय." वाटेत चहा झाला, तांबडा-पांढरा कुठं खायचा आणि कुठं चुकूनही खायचा नाही यावर खल झाला. मंडपापाशी मला उतरवून पोरगं गाडी वळवून आल्या वाटेनं निघून गेलं. तिकडं चाललंच नव्हतं ते!

सांगलीत गणपती मंदिर विचारलं तर उत्तर असं मिळतं : "सरळ जावा, दुसऱ्या चौकात डावीकडं. दहा मिनिटं चालत. ऊन लागत असेल तर रिक्षा करा, पण आधी भाडं ठरवा." अगदी नेमकं, एकही शब्द फुकट नाही. आणि चहाही नाही. ओळख झाली की हाच सांगलीकर घरी नेऊन जेवल्याशिवाय सोडत नाही, पण ती ओळख व्हायला दोन-तीन भेटी लागतात. निम्मं आयुष्य मिरजेत गेल्यामुळे मला दोघांशीही सारख्याच हक्कानं भांडता येतं, म्हणून हे लिहायचं धाडस.

हा फरक पाण्याचा असेल म्हणावं, तर पंचगंगा आणि कृष्णा नरसोबाच्या वाडीला एक होतात. माझा संशय रुळांवर आहे. कोल्हापूर हे शेवटचं स्टेशन. तिथं कुणी वाट वाकडी करून टपकत नाही. जो उतरतो तो कोल्हापूरलाच आलेला असतो, म्हणजे पाहुणा. मिरज जंक्शन, आणि सांगली त्याच्या उंबऱ्यावर. इथून पुणे, कोल्हापूर, बेळगाव, पंढरपूर अशा चारही दिशांना रूळ फुटतात. रात्री दोनला फलाटावर वळकटी टाकून पुढच्या गाडीची वाट बघणाऱ्या हजार माणसांना चहा कोण पाजणार? जंक्शनच्या माणसाला माणुसकी असते, वेळ नसतो. (एप्रिल 2016 मध्ये तहानलेल्या लातूरला पाण्याची रेल्वे गेली ती मिरजेतूनच. पहिल्या खेपेला दहा वाघिणींतून पाच लाख लिटर. एरवी चहा न पाजणाऱ्यांची ही दुसरी बाजू.)

रेल्वेचा हेवादावा तसा जुनाच. कोल्हापूर संस्थानानं मिरजेपर्यंतचा लोहमार्ग 1891 साली सुरू केला. सांगली संस्थानला मिरजेशी जोडणारा आपला छोटा मीटरगेज फाटा 1907 पर्यंत मिळाला नव्हता. पुढं ब्रॉडगेज आलं, मुख्य मार्ग सांगलीतून गेला आणि पारडं फिरलं. आज वास्कोहून दिल्लीला जाणारी गोवा एक्सप्रेस सांगलीत थांबते, कोल्हापूरच्या वाटेलाही जात नाही. 16 सप्टेंबर 2024 ला दोन वंदे भारत सुरू झाल्या. कोल्हापूर–पुणे आठवड्यातून तीन दिवस, हुबळी–पुणे उरलेल्या दिवसांत तीन दिवस. दोन्ही सांगलीत थांबतात. म्हणजे गाडी कोल्हापूरच्या नावाची, आणि दिवस सांगलीला दुप्पट! राणी चन्नम्मा एक्सप्रेस पूर्वी कोल्हापूरहून बंगळूरला सुटायची. ती आधी मिरजेवर आली, मग सांगलीला गेली. सह्याद्री एक्सप्रेस करोनात बंद पडली आणि परतली ती पुण्यापर्यंतच, मुंबई तुटली. कोल्हापूरकराच्या बाजूला महालक्ष्मी, कोयना आणि राज्याच्या या टोकाहून थेट गोंदियाला नेणारी महाराष्ट्र एक्सप्रेस आहे, हे खरं. पण चिडलेल्या माणसाला असलेलं दिसत नाही.

माझा कौल विचाराल तर मुक्काम कोल्हापुरात करावा आणि गाडी मिरजेला पकडावी. पण हा कौल कोल्हापूरला परवडणारा नाही. ऑगस्ट 2025 पासून तिथं उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच बसतंय. सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गचे पक्षकार तारखेला येतात. त्यातल्या कोकणच्या दोन जिल्ह्यांना घाट चढून थेट येणारी रेल्वेच नाही. वैभववाडीचा मार्ग कागदावरच धावतोय. आणि सांगली-साताऱ्याहून येणाऱ्यांची गाडी मिरजेपुढं एकेरी रुळावर समोरच्या गाडीची वाट बघत उभी राहते. मायेनं 'बसा की मागं' म्हणणारी पोरं किती पक्षकारांना पुरणार?

वैभववाडी झाली तर कोकणचा माल आणि माणूस सांगली-मिरजेवरूनच पुढं देशावर जाणार आहे. मिरज–कोल्हापूर दुहेरी झालं तर खोळंबा दोघांचाही कमी होणार आहे. तरी दोन्ही गावांची शिष्टमंडळं पुण्याच्या विभागीय कार्यालयात वेगवेगळी जातात. एक 'आमची गाडी परत द्या' म्हणतं, दुसरं 'आमचा थांबा काढू नका'. साहेब दोन्ही निवेदनं हसतमुखानं घेतात आणि एकाच फायलीत लावतात.

पुढच्या खेपेला एकच निवेदन न्या, दोन्ही गावांच्या सह्यांचं. कोल्हापूरकरांनी सकाळची कोयना धरावी आणि रुमाल टाकून जागा राखाव्यात, सांगलीकरांनी आपल्या स्टेशनात चढावं. भडंग सांगलीकरांनी आणायचं. चहाची काळजी नको, तो कोल्हापूरकर पाजणारच आहेत.